चारशे बारा बोलती

माझ्या कपाटात, घराच्या कागदपत्रांच्या फायलीत, एका लग्नाची पत्रिका आहे. त्या लग्नाला मी गेलो नव्हतो आणि नवरानवरीलाही ओळखत नाही. पत्रिका गुलाबी आहे. वर गणपती आणि खाली तीन रकाने भरून निमंत्रकांची नावं. मी एकदा मोजली, चौसष्ट भरली. मागची बाजू कोरी होती, तिथे निळ्या बॉलपेनाने तीन शब्द लिहिले आहेत. ते अक्षर हसुराम भोईरचं.

दर दिवाळीला कपाट आवरताना बायको विचारते, ही रद्दी कशाला. मी म्हणतो, असू दे. तिला मी पूर्ण हकिगत कधी सांगितलेली नाही.

हसुराम आणि मी पनवेलजवळच्या एका औद्योगिक वसाहतीतल्या गाळ्यात नऊ वर्षं शेजारी बसलो. कंपनी लहान, सगळी मिळून एकवीस माणसं. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ज्या काचेच्या पेटीत ठेवतात, त्या पेट्या आम्ही बनवायचो. पेटीत ऊब ठरावीक राहावी म्हणून तिच्या पोटात एक बोर्ड असतो आणि त्या बोर्डावर एक लहान संगणक. त्या संगणकात सगळ्यात तळाशी जो प्रोग्रॅम चालतो त्याला कर्नेल म्हणतात. हसुराम कर्नेलचं काम करायचा. मी तपासणीला होतो. पेटी गाळ्याबाहेर जाण्यापूर्वी माझ्या यादीतल्या सत्तावीस गोष्टी तपासायच्या, प्रत्येकीपुढे खूण करायची आणि खाली सही. ती यादी मीच तयार केली होती.

हसुराम विचुंब्याचा. वडिलांची भातशेती. स्वतः डिप्लोमा करून आधी टीव्ही दुरुस्तीत, मग एका वजनकाट्याच्या कारखान्यात, आणि तिथून कर्नेलपर्यंत कसा पोचला हे त्याने कधी सांगितलं नाही. मी ओळखायला लागलो तेव्हा तो पंचेचाळिशीचा होता. बुटका, काळासावळा, मनगटावरचं घड्याळ उजव्या हातात. नाव हसुराम असलं तरी हसताना मी त्याला मोजून सहा-सात वेळा पाहिलं असेल. डब्यात बहुतेक रोज सुकट. मालकांनी एकदा वासाची तक्रार केली, तेव्हापासून डबा उघडण्याआधी तो सोल्डरिंगच्या टेबलावरचा पंखा न बोलता सुरू करायचा. ऑफिसात त्याची भाषा पुस्तकासारखी शुद्ध. घरून फोन आला की गॅलरीत जाऊन बोलायचा आणि तिथून 'हाय', 'नाय', 'आमी' ऐकू यायचं. परत टेबलाशी आला की पुन्हा शुद्ध.

त्याच्या कामाची पद्धत सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

कर्नेल लिहिणारी माणसं आपल्या कोडमध्ये जागोजागी एकेक ओळ ठेवून देतात. ती ओळ म्हणते, मी इथवर आलो आणि अमुक आकडा इतका आहे. एरवी या ओळी गप्प असतात. आमच्या बोर्डाच्या कर्नेलमध्ये अशा दोन हजार तीनशे सोळा ओळी होत्या. पूर्वी त्यांतली एखादी बोलती करायची तर सगळा कर्नेल नव्याने बांधावा लागे. दोन हजार दहाच्या सुमारास आमच्याकडे नवा कर्नेल आला आणि त्यात एक सोय आली. फाइलचं नाव, ओळीचा आकडा, आणि पुढे अधिकचं चिन्ह व इंग्रजी 'पी' एवढं लिहिलं की नेमकी तीच ओळ बोलायला लागायची. अधिकच्या जागी उणे लिहिलं की पुन्हा गप्प. हसुराम याला 'प लावणं' आणि 'प काढणं' म्हणायचा. प लावलेली ओळ बोलती, काढलेली मुकी. एका वेळी तीनपेक्षा जास्त ओळी त्याने बोलत्या केलेल्या मला आठवत नाहीत.

केतकी नावाची एक हुशार मुलगी त्याच्या हाताखाली नव्याने आली, तेव्हाची गोष्ट. बोर्ड कुठेतरी अडकत होता म्हणून तिने सगळ्याच ओळींना प लावला. एरवी अकरा सेकंदांत सुरू होणारा बोर्ड चार मिनिटं झाली तरी सुरू होईना. पडद्यावर ओळी नुसत्या धावत होत्या, आणि ज्या पाहायच्या त्या केव्हाच वरून निघून गेल्या होत्या. हसुराम डबा धुऊन येत होता. हातात ओला डबा तसाच धरून पडद्याकडे पाहत राहिला.

"सगळ्यांना एकदम बोलायला लावलंस," तो म्हणाला. "आता सांग, कोण काय बोललं?"

"काहीच कळत नाहीये, सर."

"आमच्या ग्रामसभेत ये एकदा. तिथेपण असंच असतं."

मग त्याने खण उघडून एक लग्नपत्रिका काढली, उलटी केली आणि तिच्यापुढे ठेवली. संशय कोणावर आहे ते लिही म्हणाला. केतकी म्हणाली, माहीत असतं तर प कशाला लावला असता? त्यावर तो म्हणाला की माहिती नसली तरी संशय असतोच, संशय नाही असं माणूस नाही. तो आधी कागदावर येऊ दे, मग प. तिने तोंड वाकडं करून दोन ओळींचे आकडे लिहिले. दुसरी बरोबर निघाली.

त्याचा खण पत्रिकांनी भरलेला असायचा. त्याची आई धवलारीण होती. आगरी लग्नात धवले म्हणणारी ही बाई. मांडव घालणं, घाणा भरणं, हळद लावणं, प्रत्येक विधीचं गाणं ठरलेलं, आणि ते सुरू झाल्याशिवाय विधी सुरू होत नाही. आजूबाजूच्या गावांतून तिला आमंत्रणं यायची आणि लग्न झालं की पत्रिका हसुरामच्या खणात. कागद जाड, पाठ कोरी. तो म्हणायचा, एवढा चांगला कागद मालक देणार आहेत का?

पत्रिकेवर फाइलचं नाव किंवा ओळीचा आकडा आणि संशय दोन शब्दांत. उलगडा झाला की खाली लिहायचा 'फेक'. झाला नाही तर 'ठेव'. फेक लिहिलेली टोपलीत जायची. ठेव लिहिलेली माझ्याकडे यायची, कारण त्याच्या खणात ती हरवायची. मी तिला क्रमांक देऊन फायलीत लावायचो. हे काम मला कोणी सांगितलेलं नव्हतं. कुठलाही कागद बेवारस राहिला तर मला चैन पडत नाही. नऊ वर्षांत अशी एकशे अठरा कार्डं झाली. त्यांतल्या सत्त्याण्णवांवर पुढे फेक आलं.

एकदा त्याने मला पुतणीच्या लग्नाला बोलावलं. मांडवात गर्दी, आणि हा घरामागे चुलीपाशी, जेवणाकडे बघायला. मांडव तिथून दिसत नव्हता. पुढून त्याच्या आईचा आवाज येत होता. बारीक, थोडा चिरका, पण भिंतीपलीकडेही स्पष्ट. तो आवाज ऐकून हा आचाऱ्याला सांगत होता, घाणा झाला, आता भात टाक. मी विचारलं, न बघता कसं कळतं?

"कुठला धवला चाललाय त्यावरून मांडव कुठवर आलाय ते कळतं," तो म्हणाला. "आमचं काम दुसरं काय आहे, सावंत? आत बघता येत नाही. गाणं ऐकायचं."

त्या दिवशी हळदीच्या वेळी एक गाणं फार लांबलं. पुन्हा पुन्हा तीच कडवी. जेवताना मी सहज त्याच्या आईला म्हटलं, हळदीचं गाणं बरंच मोठं असतं नाही? ती हसली. पान खाल्लेले दात.

"मोठा नाय वो. हलद वाटून झालीच नवती. मी लांबवलंय म्हनून त्यांना येल मिलला. गाना थांबला असता तं सगल्यांना कलला असता का हलद नाय."

म्हणजे हळद वाटून झाली नव्हती, तिने गाणं लांबवलं म्हणून बायकांना वेळ मिळाला. आम्ही सगळे हसलो. हसुरामही. त्या सहा-सात वेळांपैकी ती एक.

आमचं कधी भांडण झालं नाही, खटके मात्र उडायचे, ते माझ्या यादीवरून. यादीत चौदावा मुद्दा होता: सर्व डीबग ओळी बंद. तपासासाठी लावलेलं काहीही पेटीबरोबर बाहेर जाऊ नये, हा साधा नियम. हसुराम दर वेळी एखाददुसरा प काढायला विसरायचा, मी पकडायचो, काढायचो, खूण करायचो. एकदा तो म्हणाला, "सावंत, तुमची यादी नेहमी बरोबर असते. तीच तर पंचाईत आहे." मी ते कौतुक समजलो.

दोन हजार बारा साली वीस पेट्यांचं काम आलं. तपासणीत एक दोष दिसला, एकूण दोनदाच. वीज जाऊन परत आली की बोर्ड नव्याने सुरू होतो. सुरू होताना कर्नेल तापमान मोजणाऱ्या चिपला विचारतो, तू आहेस का? दोन वेळा चिपने उत्तर दिलं नाही. मग पडद्यावर तापमानाच्या जागी नुसत्या दोन आडव्या रेघा आणि हीटर बंद. तापमान उतरलं की भोंगा वाजायची सोय पेटीत होती. पण तापमानच नसेल तर उतरणार काय? भोंगा गप्प. हे आमच्यापैकी कोणाच्याच आधी लक्षात आलं नव्हतं, माझ्या सत्तावीस मुद्द्यांतही नव्हतं. हसुराम एवढंच म्हणाला की बाळ काही सांगू शकत नाही आणि पेटीपण मुकी, हे बरं नाही.

त्याने संशयाच्या ओळींना एकेक करून प लावायला सुरुवात केली. चारशे बाराव्या ओळीला प लावला आणि दोष दिसेनासा झाला. मी रोज सगळ्या पेट्या चालू-बंद करून मोजत होतो. दहा दिवसांत एक हजार चाळीस वेळा झालं. एकदाही रेघा आल्या नाहीत. मालक रोज विचारायचे, मी आकडा सांगायचो, ते खूश व्हायचे. हसुराम खूश नव्हता. बरा झालेला दिसतोय तो बरा झालाय का ते बघायचं आहे, असं काहीसं पुटपुटायचा.

दहाव्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास तो एकदम ताठ बसला. काहीतरी सापडलं की तो असा बसायचा. खणातून पत्रिका काढून त्याने लिहायला घेतलं आणि तेवढ्यात फोन वाजला. या वेळी तो गॅलरीत गेला नाही, जागेवरच ऐकत होता. आई गेली होती.

तो उठून गेला. जाताना पत्रिका बोर्डाला चिकटवून गेला. मी नंतर पाहिली. '४१२ बोलती. ठेव.'

मी तिला क्रमांक एकशे अठरा दिला आणि फायलीत लावली.

तिसऱ्या दिवशी मी विचुंब्याला भेटायला गेलो. घरात दहा-बारा माणसं. हसुराम सतरंजीवर भिंतीला टेकून बसला होता. चारशे बाराचं काय करायचं हे माझ्या जिभेवर आलं होतं, कारण पेट्या तीन दिवसांनी जायच्या होत्या. पण सुतकाच्या घरात ऑफिसचा विषय काढू नये, असं मला लहानपणापासून शिकवलेलं. वीस मिनिटं बसलो. निघताना त्यानेच हळू आवाजात विचारलं, "पेट्या?"

"सगळं व्यवस्थित होतंय. तुम्ही कसलीही काळजी करू नका."

त्याने मान हलवली.

सहाव्या दिवशी मी यादी घेऊन बसलो. चौदावा मुद्दा आला. वीसही पेट्यांमध्ये चारशे बारावी ओळ बोलती होती. दर वेळेसारखा हसुराम प काढायला विसरला, असं मी धरून चाललो. कार्डावर ठेव म्हणजे कार्ड ठेव. नऊ वर्षं त्या शब्दाचा आमच्यात दुसरा अर्थ नव्हता. मी प काढला. आणि मी हलगर्जी माणूस नसल्यामुळे प काढल्यावर प्रत्येक पेटी पुन्हा दहा वेळा चालू-बंद केली. दोनशे वेळा. दोष शून्य. खूण केली, सही केली. संध्याकाळी टेम्पो गेला.

पाच आठवड्यांनी घाटाच्या पायथ्याच्या एका लहान रुग्णालयातून फोन आला. पहाटे वीज जाऊन आली होती. परिचारिका एक आणि खोल्या दोन. ती परत आली तेव्हा पडद्यावर रेघा आणि काच गार. पन्नास मिनिटं गेली होती. बाळ नऊशे पन्नास ग्रॅमचं. दुसऱ्या दिवशी दुपारी ते गेलं. तिथले डॉक्टर भले होते. ते म्हणाले, एवढ्या वजनाचं बाळ, पेटीमुळेच गेलं असं मी म्हणणार नाही. पेटीमुळे गेलं नाही, असंही ते म्हणाले नाहीत.

मालकांनी सगळ्या पेट्या परत मागवल्या. हसुरामला उलगडायला एक दिवसही लागला नाही. मला वाटतं, रेघांचं नुसतं ऐकलं तेव्हाच त्याला कळलं होतं. चिपला जागं व्हायला किंचित वेळ लागायचा. चारशे बारावी ओळ नेमकी त्या प्रश्नाच्या आधी बोलायची आणि एक ओळ छापायला पाच-सहा सहस्रांश सेकंद जायचे. तेवढ्यात चिप जागी व्हायची. ओळ मुकी केली की प्रश्न लवकर जायचा, आणि क्वचित कधी चिप झोपलेलीच असायची. प काढून त्याने यंत्राकडून पाच हजार वेळा चालू-बंद करवून घेतलं. तीनदा रेघा आल्या. म्हणजे माझ्या एक हजार चाळीस खेपा सगळ्या बोलत्या पेट्यांच्या होत्या, बाहेर गेल्या त्या पेट्या मुक्या. आणि पाच हजारांत तीनदा येणारा दोष दोनशेत सापडेल या भरवशावर मी सही केली होती. हा हिशोब मी शाळेतल्या मुलालाही समजावू शकलो असतो.

खरी दुरुस्ती दोन ओळींची होती. थोडं थांब, पुन्हा विचार.

मालकांच्या केबिनमध्ये आम्ही चौघे बसलो. मालक, हसुराम, केतकी आणि मी. माझ्या मांडीवर कार्डांची फाइल होती. ती मी का नेली होती, हे मला अजून सांगता येत नाही. दाखवायलाच नेली असणार.

मालकांनी विचारलं, दहा दिवस नीट चालत होतं, मग बदललं काय? हसुरामने सांगितलं, एक ओळ बोलती होती, ती मुकी झाली.

"ती बोलती ठेवायची हे कोणाला सांगितलं होतं? कुठे लिहिलंय?"

हसुरामने माझ्याकडे पाहिलं. मग फायलीकडे. फार वेळ नाही, एक श्वास घेण्याइतका. त्याची दाढी सुतकानंतरची, अर्धवट वाढलेली होती.

"नाय," तो म्हणाला. "लिवलं नाय. राहिलं."

ऑफिसात, माणसांसमोर, घरची भाषा त्याच्या तोंडून मी प्रथमच ऐकली.

मालकांनी माझी यादी टेबलावरून उचलली, चौदाव्या मुद्द्यापुढची खूण आणि खालची सही पाहिली आणि म्हणाले, "निदान एकाचे तरी कागद चोख आहेत."

मी बोललो नाही. बोलायला दहा सेकंद लागले असते. फाइल उघडायची, शेवटचं कार्ड काढायचं, टेबलावर ठेवायचं. माझी थोरली मुलगी दहावीला होती, हे तेव्हा माझ्या मनात आलं. खरं म्हणजे ते तेव्हा आलं की नंतर मी ते तिथे नेऊन ठेवलं, हेही आता नक्की सांगता येत नाही. केतकी खाली पाहत होती. मीटिंग संपली.

त्याच आठवड्यात हसुरामने राजीनामा दिला. कोणी मागितला नव्हता. घ्यायला मात्र मालकांनी वेळ लावला नाही. खणातल्या कोऱ्या पत्रिका तो केतकीला देऊन गेला.

अकरा दिवसांनी मी कार्ड घेऊन विचुंब्याला गेलो. तो ओटीवर बसला होता. समोर जिथे त्यांचं शेत होतं तिथे इमारतीचे खांब वर आले होते. त्याची बायको सुमन चहा ठेवून आत गेली. मी कार्ड त्याच्यापुढे ठेवलं आणि सगळं सांगितलं. काय समजलो, काय केलं, केबिनमध्ये का बोललो नाही. शेवटच्या भागाचं कारण मला नीट सांगता आलं नाही.

त्याने कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं. एका बाजूला गणपती, दुसऱ्या बाजूला त्याचं अक्षर.

"मी 'ठेव' लिवलं," तो म्हणाला. "तुमी ठेवलंत. तुमचं चुकलं कुठं?"

त्यात टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. तो नव्हता. मी म्हटलं, उद्या मालकांना जाऊन सांगतो.

"काय होईल? तुमीपण घरी बसाल. ते पोर उठंल का?"

मग खांबांकडे पाहत तो जे बोलला ते माझ्याशी कमी आणि स्वतःशी जास्त. गाणं लांबवून हळद वाटली जात नाही, तो म्हणाला. आत जाऊन कोणीतरी वाटावी लागते. आपल्याला कारण सापडलं होतं. दोन ओळींचं काम, दहा मिनिटं. फोन आला नसता तर केलं असतं, आणि फोन आल्यावरसुद्धा करता आलं असतं, आई काही पुन्हा जाणार नव्हती. त्याऐवजी आपण चिठ्ठी लिहिली. कार्ड वाचणाऱ्याचा दोष काय?

"त्या बाईचं नाव पण मना म्हाईत नाय," तो म्हणाला. बाळाच्या आईबद्दल बोलत होता. मलाही माहीत नव्हतं. कंपनीत कोणालाच नव्हतं. आमच्या कागदांवर फक्त पेटीचा क्रमांक होता.

निघताना मी कार्ड तिथेच सोडत होतो. त्याने ते उचलून माझ्या हातात दिलं.

"ठेवा," म्हणाला.

मी मालकांना सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, पुढच्या आठवड्यात नाही, आणि नंतर विषयच राहिला नाही. आणखी सात वर्षं मी तिथे सह्या करत राहिलो. यादी सत्तावीस मुद्द्यांची एकतीस मुद्द्यांची झाली.

हसुरामने पुन्हा कुठे काम धरलं नाही. केतकी अधूनमधून अडलं की त्याला फोन करायची. पहिल्या वर्षी तो आकडे सांगायचा, अमुक फाइल, अमुक ओळ बघ. मग नुसतं हो-नाही. मग सुमनताई फोन घेऊन सांगायला लागल्या की ते बसलेत, पण बोलत नाहीत. डॉक्टरांना दाखवलं, घशात काही दोष नव्हता. दोन हजार पंधराच्या हिवाळ्यात तो झोपेत गेला. मला केतकीकडून कळलं, तेही दहाव्याच्या नंतर.

त्याला मी शेवटचं पाहिलं ते त्याच वर्षीच्या मे महिन्यात, विचुंब्यातच, आमच्या गाळ्यातल्या एका फिटरच्या बहिणीच्या हळदीला. हळद दुपारीच होती. मांडवाच्या तोंडाशी डीजेचे काळे खोके माणसापेक्षा उंच रचलेले. छातीत धडधड व्हावी इतका आवाज. सगळी गाणी एकात एक मिसळलेली. हसुराम मांडवाच्या मागच्या खांबापाशी प्लास्टिकच्या खुर्चीवर एकटा बसला होता. वाळला होता. घड्याळ तसंच उजव्या हातात, पट्टा सैल झालेला.

मी शेजारी खुर्ची ओढून बसलो. त्याने ओळखलं. हात हातात घेतला आणि सोडला. मी कानाशी ओरडून विचारलं, धवलारीण कोण आहे? त्याने बोट डीजेकडे केलं. थोड्या वेळाने तोच माझ्या कानाशी वाकला. तो बोलत नाही असं सुमनताईंनी केतकीला सांगितलेलं, म्हणून मी दचकलो.

"कुठवर आलंय?"

पुढे माणसांची भिंत होती, काही दिसत नव्हतं. आवाजावरून सांगण्यासारखं काही नव्हतं. कळत नाही, मी ओरडून म्हटलं.

"सगलंच चालू हाय," तो म्हणाला आणि मागे टेकला.

पाट मांडलेला होता, नवरी येऊन बसली होती, पण हळद येत नव्हती, असं पुढून आलेल्या एका बाईने शेजारणीला खुणेने सांगितलं. मी हसुरामकडे पाहिलं. त्याचे ओठ हलत होते. मी कान त्याच्या तोंडाजवळ नेला. डीजेखेरीज काही ऐकू आलं नाही. तो माझ्याशी बोलत नव्हता. डोळे घराच्या मागच्या दाराकडे लागले होते. ओठ ठरावीक लयीत हलत, थांबत आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होत. मी घड्याळ पाहिलं. सवयच आहे.

सात मिनिटांनी मागच्या दारातून हळदीचं ताट घेऊन दोन बायका धावत आल्या आणि गर्दीत शिरल्या. त्याचे ओठ थांबले.